मापाचं पिस्तूल

गेल्या दोन महिन्यांत तीन मैत्रिणींनी विचारलं, अगं तू म्हणे पिस्तूल घेतलंस, कुठलं घेतलंस, मी पण घेऊ का, तेच घेऊ का. प्रत्येकीला दहा दहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. मी एक्स्पर्ट वगैरे काही नाही हं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्ताच्या नळ्या आणि मशीन. पिस्तूल हातात घेतलं तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते.

आमचं घर ह्यूस्टनच्या पश्चिमेला, शहर संपून शेतं सुरू होतात तिथे. शेजाऱ्याच्या घरातला दिवा दिसतो पण हाक मारली तर ऐकू जाणार नाही इतकं अंतर. नवऱ्याचं प्रोजेक्ट डेन्व्हरला, सोमवारी पहाटे जातो तो गुरुवारी रात्री उगवतो. फेब्रुवारीत एका रात्री अडीचच्या सुमारास किचनच्या मागच्या दाराची मूठ कुणीतरी हलवत होतं. वारा नव्हता, मूठच, खाली वर खाली वर. मी लेकीला उचलून कपड्यांच्या क्लॉजेटमध्ये शिरले, ९११ हा इथला इमर्जन्सीचा नंबर लावला, पलीकडची बाई शांतपणे बोलत राहिली आणि डेप्युटीची, म्हणजे इथल्या पोलिसाची, गाडी आमच्या ड्राइव्हवेत यायला वीस मिनिटं लागली. त्यात कुणाची चूक नाही, अंतरच तेवढं आहे. तोवर बाहेर कुणी नव्हतं. कॅमेऱ्यात एक हुडी दिसली, चेहरा नाही. कोण होतं ते आजतागायत कळलं नाही, चोरीला काही गेलं नाही. पण ती वीस मिनिटं मी हातात इस्त्री धरून बसले होते. इस्त्री! क्लॉजेटमध्ये तीच सापडली.

नवरा पुण्याचा, त्यांच्या घरात आजवरची सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे विळी, त्यामुळे तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला की अलार्म बसवू, दाराला चांगले बोल्ट लावू, कुत्रा आणू. मी म्हटलं ते सगळं करूच. आणि केलंच, उलट माझं म्हणणं असं की आधी तेच करा, दाराच्या चौकटीत तीन इंची स्क्रू घालायला दहा डॉलर लागत नाहीत आणि त्याने लाथ मारून दार उघडणं बरंच अवघड होतं. पण मला पिस्तूलही हवं होतं.

मी कोकणातली, कुडाळच्या बाजूची. आमच्याकडे माजघरात ठासणीची बंदूक टांगलेली असायची, शेती संरक्षणाच्या लायसन्सवाली, माकडं आणि रानडुकरं हाकलायला. आजोबा नळीत दारू भरायचे, गजाने ठासायचे, आणि आम्ही पोरं खळ्याच्या दुसऱ्या टोकाला. निवडणूक आली की सगळ्या गावच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा, आणि माकडांना बहुतेक आचारसंहितेची तारीख कळत असावी कारण नेमके तेव्हाच ती बागेत उतरायची. मुद्दा हा की बंदूक ही वस्तू मला परकी नव्हती, फक्त ती नांगर आणि कोयत्याच्या रांगेतली वस्तू होती. माणसावर रोखायची म्हणून विकत घ्यायची बंदूक हे प्रकरणच वेगळं, आणि ते वेगळं आहे हे मला दुकानात गेल्यावर पाच मिनिटांत कळलं.

दुकानात काउंटरमागच्या माणसाने मला बघितलं आणि थेट एक छोटीशी गुलाबी मुठीची रिव्हॉल्व्हर काढून ठेवली. म्हणे लेडीजसाठी बेस्ट, पर्समध्ये मावते, काही शिकायला लागत नाही, नुसता ट्रिगर ओढायचा. स्मिथ अँड वेसन कंपनीची .३८ स्पेशलवाली (असे आकडे म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, इंचात), पाच गोळ्यांची, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर खरंच खेळण्यासारखी गोड वाटली. मी घेऊन टाकणारच होते, पण त्याच इमारतीत रेंज होती आणि बंदुका भाड्याने मिळत होत्या, म्हटलं एकदा उडवून बघू.

पाच गोळ्या उडवल्या आणि तळहाताला कुणीतरी छडी मारल्यासारखं झालं. पाचातली एक गोळी कागदाला लागली, बाकीच्या चार कुठे गेल्या माहीत नाही. गंमत अशी आहे बघा, गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते हे आपण शाळेत न्यूटनच्या तिसऱ्या नियमात शिकलो, आणि बंदूक जितकी हलकी तितकी ती जोरात मागे येते हे पण त्याच धड्यात होतं, पण दुकानात उभं राहिल्यावर डोक्यात एकच असतं की लहान बाई तर लहान बंदूक. साफ उलटं आहे. हलकी बंदूक ही जाणकाराची बंदूक. शिवाय नळी आखूड म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर कमी, त्यामुळे नेम जरा चुकला तरी गोळी भलतीकडे, आणि त्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर इतका जड की ओढता ओढता अख्खा हात हलतो. वर मी डावखुरी. रिव्हॉल्व्हरचं चक्र डावीकडे उघडतं, उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेलं, गोळ्या भरताना माझी नुसती तारांबळ. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून बोलणी खाल्ली ती खाल्लीच, आता इथेही.

त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवर विचारायची चूक केली. तुम्हाला माहीतच आहे काय झालं असेल. एका काकांनी लिहिलं .४५ च घे, त्याखाली काही नाही, एका गोळीत माणूस आडवा. दुसऱ्यांनी शॉटगन सांगितली, नुसता खटकन आवाज केला तरी चोर पळतो म्हणे. तिसऱ्यांनी ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलाचा फोटो टाकला, चौथ्यांनी गांधीजींचा. कुणी एकाने पण विचारलं नाही की ताई तुझा हात केवढा आहे. माझ्या लॅबच्या ग्लोव्हजचा साईज एक्स्ट्रा स्मॉल आहे, आणि निवडीला सुरुवात तिथूनच व्हायला पाहिजे होती हे मला फार उशिरा समजलं.

.४५ चं जरा सांगते कारण हा वाद तुमच्याही कानावर येईल. इथे जुन्या पिढीचा .४५ वर फार जीव, जॉन ब्राउनिंगने डिझाईन केलेलं '१९११' नावाचं पिस्तूल त्याच गोळीचं. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट गेले, आणि मग ९ एमएम कमजोर पडली असं म्हणत एफबीआय आधी १० एमएमकडे आणि मग .४० कडे गेली. आणि वीसेक वर्षांनी परत ९ एमएमवर आली. कारण गोळ्या सुधारल्या, आणि कमी झटक्याच्या बंदुकीने लोक गोळ्या जास्त नेमक्या आणि जास्त भरभर झाडतात हे त्यांनाच दिसलं. एवढ्या तगड्या ट्रेनिंगवाल्या लोकांना झटका नको वाटतो तर मी कोण. मजा म्हणजे हीच ९ एमएम भारतात साध्या माणसाला लायसन्सवर मिळत नाही, प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप. तिकडे .३२ वर भागवायचं. २०१४ ला कानपूरच्या फॅक्टरीने खास बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाची .३२ रिव्हॉल्व्हर काढली होती आठवतं का, सव्वा लाखाच्या आसपास किंमत. तिथेही तेच, बायकांसाठी म्हणजे हलकी. हे हलकेपणाचं खूळ दोन्ही देशांत सारखंच आहे.

तर पुढचे तीन शनिवार मी भाड्याने घेऊन उडवत राहिले. लेनचं भाडं, बंदुकीचं भाडं, गोळ्या मिळून दरवेळी ऐंशी नव्वद डॉलर गेले आणि ते या सगळ्यातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे. सिगचं पी३६५ घेतलं, सुबक आहे, पण इतकं चिमुकलं की करंगळीला धरायला जागा कमी पडते आणि पिस्तूल हातात उड्या मारतं. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड .३८० मध्ये घेतलं, याची स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पहिली गोळी नळीत चढवायला तो मागे ओढून सोडायचा) लोण्यासारखी मागे जाते, झटका सौम्य, मुठीच्या मागे दाबली जाणारी सेफ्टी. मनगटात ताकद कमी असेल, संधिवात असेल तर खरंच बघण्यासारखं आहे, साठीच्या पुढच्या बायकांना तर मी हेच सांगीन. माझं अडलं ते गोळ्यांवर. .३८० आणि ९ एमएमची जाडी जवळजवळ सारखीच, .३८० आखूड आणि कमी दारूची, पण बनते कमी म्हणून महाग. सरावाची ९ एमएम मला पंचवीस सेंटच्या आसपास पडते, .३८० त्याहून वर. महिन्याला शंभर गोळ्या धरल्या तर वर्षाचा हिशोब करा. जी गोळी महाग तिचा सराव कमी होणार, हे मी स्वतःला ओळखून आहे.

आणि ग्लॉक १९. हे १९८८ पासून चालू आहे, काळं, चौकोनी, दिसायला स्टेपलरसारखं. पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी. पाचव्या जनरेशनच्या मुठीला मागून वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या लावता येतात, एकही पट्टी न लावता माझं बोट ट्रिगरवर बरोब्बर बसलं, पहिल्या पेराच्या मधोमध. मॅगझिन काढायचं बटण उलट्या बाजूला लावता येतं, स्लाइडचा खटका दोन्ही बाजूंना, म्हणजे शेवटी कुणीतरी डावखुऱ्यांचा विचार केला. उडवायला मऊ. पहिल्याच दिवशी दहातल्या आठ गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत. पण स्लाइडच मागे ओढता येईना! दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन, अर्ध्यावर येऊन परत फट्कन पुढे. शेजारच्या लेनमधला पोरगा मदत करू का म्हणाला, तेव्हा मी ग्लॉकवर फुली मारली आणि घरी आले.

मग रेंजवर आमच्या इन्स्ट्रक्टर बाई भेटल्या. सत्तरीच्या, माझ्याहून बुटक्या, बोटं वाकडी झालेली. त्यांनी तेच ग्लॉक घेतलं, छातीजवळ आणलं, नळीचं तोंड समोर टार्गेटकडेच, एका हाताने स्लाइड वरून मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने बंदूकच पुढे ढकलली. खटॅक. म्हणाल्या तू ओढतेयस, ओढायचं नाही, ढकलायचं. आणि हात लांब करून नाही, पोटाशी. मला एकदम सुळ्यावर नारळ सोलणारी आमची काकी डोळ्यासमोर आली, चाळीस किलोची बाई दिवसाला ढीगभर सोलायची आणि शहरातून आलेले दणकट भाचे एका नारळावर घाम गाळायचे. ताकदीचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या प्रयत्नात माझीही स्लाइड मागे गेली आणि मी रेंजवर मोठ्याने हसले, कानावर मफ्स होते म्हणून मला कळलं नाही किती मोठ्याने.

शेवटी मी ग्लॉकच घेतलं. पण ईझेड घ्यायचं का ग्लॉक हे कुणी विचारलं तर मी म्हणते आधी एक तास अशा कुणाकडून शिक ज्याला विकायचं काही नाही. मी स्लाइड ओढता येत नाही म्हणून भलतंच घेऊन बसले असते. बाईंनी आणखी एक केलं, दोन्ही हातांच्या मधल्या भोकातून लांबचं घड्याळ बघायला लावून माझा कुठला डोळा जोरकस आहे ते काढलं. डावा निघाला. हात पण डावा, डोळा पण डावा, नशीब. ज्यांचा हात एक आणि डोळा दुसरा निघतो त्यांना नेम धरायला जरा डोकं तिरपं करायला लागतं एवढंच.

त्यांचे नियम चार: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे तोंड करायचं नाही, नेम धरून ठरवेपर्यंत ट्रिगरला बोट नाही, आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. पहिले तीन आजोबांनी आम्हाला न सांगता शिकवलेले, रिकामी ठासणी पुसताना सुद्धा नळी जमिनीकडे असायची.

चौथ्या नियमाने मात्र माझी झोप घालवली. गावच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, फूटभर जाड. इथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि दोन्हीकडून अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल, पुठ्ठ्यात भरलेलं जिप्सम म्हणा ना. पिस्तुलाची गोळी अशा भिंतीतून आरपार जाते, पुढच्याही जाते. माझ्या बेडरूमच्या दारातून हॉलकडे नेम धरला तर त्याच रेषेत लेकीची खोली आहे. हे मी संध्याकाळी घरात हातात काही न घेता उभी राहून, बोट दाखवून बघितलं. त्यातून ठरलं ते असं की मी घरभर चोर शोधत फिरणार नाही. लेकीला उचलायचं, आमच्या खोलीत यायचं, दार लावायचं, पलंगाच्या पलीकडे बसायचं, फोन चालू ठेवायचा आणि पिस्तूल फक्त त्या एका दाराकडे, कारण पलंगामागून नेम धरला तर त्या दाराच्या मागे बाहेरच्या भिंतीची विटांची बाजू येते. आणि हातात वेगळा टॉर्च. पिस्तुलाला लावलेला टॉर्च असतो, पण नुसतं कोण आहे ते बघायला पिस्तूल रोखावं लागतं, आणि आमचा नवरा गुरुवारच्या ऐवजी बुधवारी रात्री सरप्राईज द्यायला येणाऱ्यातला आहे. त्याला आता ताकीद दिलीय, आधी फोन.

लॉकर आधी घेतला, पिस्तूल नंतर. हे उलट करू नका. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवली तर गुन्हा आहे, पण गुन्ह्याचं जाऊ दे, माझी लेक नऊ वर्षांची आहे, कपाटातला दिवाळीचा फराळ ती कुठूनही शोधून काढते. बोटाच्या ठशाचा लॉकर आणला होता, लॅबमधून सारखे हात धुवून माझ्या बोटांची सालं गेलेली, दहातल्या चार वेळा तो मला ओळखेना. परत केला. आता साधा पाच बटणांचा, बॅटरी नसलेला, क्लॉजेटमध्ये भिंतीच्या लाकडाला बोल्टने पक्का. अंधारात चार सेकंदात उघडतो, रविवारी मी घड्याळ लावून बघते. ग्लॉकला वेगळा सेफ्टीचा खटका नसतो म्हणून नवरा कुरकुरला होता, पण खटका म्हणजे पोरांचं कुलूप नव्हे, पोर तो सरकवतंच.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. या देशात बंदुकीने मरणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त लोक स्वतःचा जीव घेतलेले असतात. हॉस्पिटलमध्ये काम करते, रक्ताच्या पिशव्या मागायला फोन येतो तेव्हा मला कळतं. घरात कुणाची मनस्थिती बरी नसेल, कॉलेजातलं पोरगं गप्प गप्प असेल, तर आत्ता घेऊ नका. असलं तर काही दिवस घराबाहेर ठेवायची सोय बघा. एका मैत्रिणीला मी याच कारणासाठी स्पष्ट नाही म्हटलं, ती रागावलीय, रागावू दे.

कागदांचं पटकन. डीलरकडून पिस्तूल घ्यायला वय एकवीस. फॉर्म ४४७३ भरायचा, ग्रीन कार्ड असेल तर एलियन नंबर लिहायचा, मग दुकानदार एफबीआयकडे तपासणी लावतो. माझं लगेच पास झालं नाही, डिले आला, दोन दिवसांनी हो आलं. ग्रीन कार्ड होईपर्यंत मी घेऊच शकले नसते कारण एच-वन, एच-फोर अशा व्हिसावर असाल तर शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून बंदूक घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही केंद्राच्या कायद्याने गुन्हा, रेंजवर भाड्याने हातात घेणंही त्यात येतं. आपल्यातले कितीतरी पोरं वीकएंडला मजा म्हणून जातात आणि फोटो टाकतात, अरे बाबांनो. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय कमरेला लावून फिरायची मोकळीक दिलीय, मी फिरत नाही, मला ते झेपणार नाही, माझं घरापुरतं.

आई ऑगस्टमध्ये आली. लॉकर बघून विचारलं, मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ह्यां कित्याक व्हयां होता गो तुका?" मी मुठीची गोष्ट सांगितली, दाराच्या मुठीची. परत गप्प. खंडेनवमीला मात्र सकाळी हळदकुंकू घेऊन उभी, काढ ती, पूजेत ठेवूया, तुझ्या आजोबांची ठेवायचो आम्ही. तिला समजावलं की तू व्हिजिटर व्हिसावर आहेस, तू हात लावलास तर कायद्याने पंचाईत. "पूजेक पण नाय?" पूजेला पण नाही. मग तिने बंद लॉकरलाच कुंकू लावलं, बटणांवर सुद्धा, तीन नंबरचं बटण अजून जरा चिकटतं.

महिन्यातून एकदा रेंजवर जाते, पन्नास नाहीतर शंभर गोळ्या. घरी आल्यावर आधी थंड पाण्याने साबण लावून हात, कपडे थेट मशीनमध्ये, मग लेकीला जवळ घेते, कारण गोळ्यांचं शिसं हातावर राहतं. येत्या शनिवारी पहिली मैत्रीण येतेय, तिचं ग्रीन कार्ड झालंय, तिला मी उडवून बघितलेल्या चारही बंदुका भाड्याने घेऊन देणार आणि मी तोंडातून शब्द काढणार नाही. काल तिचा मेसेज, काय घालून येऊ. गळ्याशी बंद टी-शर्ट घाल आणि पूर्ण बूट घाल म्हटलं. पहिल्या दिवशी मी मोठ्या गळ्याचा कुर्ता घालून गेले होते, पिस्तुलातून उडालेलं तापलेलं पितळी केस, म्हणजे रिकामं काडतूस, लेनच्या फळीवर आपटून सरळ माझ्या गळ्यातून आत गेलं, आणि हातात भरलेलं पिस्तूल असताना नाचायचं नसतं.